मूडलमध्ये मराठी प्रश्नपेढी भरताना

प्रश्नपत्रिका टाइप केलेल्या आहेत, आता त्या मूडलमध्ये, म्हणजे ऑनलाइन अभ्यासक्रम आणि चाचण्या चालवणाऱ्या प्रणालीत, चिकटवायच्या, एवढेच काम आहे असे सुरुवातीला वाटते. प्रत्यक्षात मूडलच्या पडद्यावर जाणारा वेळ एकूण कामाच्या मानाने किरकोळ असतो. खरा वेळ त्याच्या आधी जातो, मजकूर साफ करण्यात आणि चुकीचे पर्याय रचण्यात. आणि नंतर जातो, पहिल्या चाचणीचे आकडे वाचण्यात. मधला भाग यंत्राचा. तो यंत्र बिनचूक करते खरे, पण बिनचूक म्हणजे आपण दिलेली उत्तरसूची जशीच्या तशी लावते, इतकेच. सूचीत चूक असेल तर तीही सगळ्या मुलांना सारखी वाटून देते.

आम्ही एका वेळी एकाच घटकाचे ४० प्रश्न हाती घेतो. एक जण भरतो, दुसरा तपासतो. आपणच टाइप केलेली चूक आपल्याला दिसत नाही, हे प्रूफ वाचणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. चाळीसच्या वर गेलो की तपासणी उरकण्याकडे कल होतो, म्हणून ही मर्यादा.

पहिली अडचण जुन्या फॉन्टची. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलीत मराठी अक्षरे नसतातच. असतात ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकाराचा मुखवटा चढवतो. मूडलच्या पानावर तो फॉन्ट नसतो, म्हणून मुखवटा गळतो आणि खालची निरर्थक अक्षरे दिसू लागतात. हा मूडलचा बिघाड नाही, फाइलचे ते मूळ रूप आहे. त्यामुळे मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो.

रूपांतर करणारी साधने दोन प्रकारची असतात. एकात मजकूर चौकटीत चिकटवायचा आणि बटण दाबायचे. दुसरे वर्डच्या फाइलवरच चालते आणि विशिष्ट फॉन्टमधला मजकूर तेवढा बदलते. विज्ञान आणि गणिताच्या पत्रिकांना दुसरेच हवे. चौकटीत चिकटवताना कोणते अक्षर कोणत्या फॉन्टमध्ये होते ही माहिती पुसली जाते. मग साधन कार्बन डायऑक्साइडचे सूत्र, एकके, आकृतीतल्या बिंदूंची इंग्रजी नावे, सगळेच 'मराठी' समजून बदलते. चाळीस प्रश्नांत असे दहा-बारा सूत्रांचे प्रश्न असले की ते परत हाताने टाइप करण्यात दिवस जातो.

चांगले साधन वापरले तरी तीन जागी बघावेच लागते. पहिली वेलांटी. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवली जाते. साध्या अक्षराला हे जमते. 'स्थिती'सारख्या जोडाक्षरात वेलांटीला पूर्ण जोडाक्षर ओलांडून पलीकडे जायचे असते, आणि कच्चे साधन एकच अक्षर ओलांडून थांबते. मग वेलांटी हलन्त चिन्हाला चिकटते आणि पडद्यावर ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. दुसरा रफार, ज्याचा क्रम बरोबर उलटा: जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या नंतर, युनिकोडमध्ये आधी. तिसरा विसर्ग. 'अंतःस्रावी' किंवा 'निःसारण' टाइप करताना विसर्गाऐवजी अपूर्णविरामाचे चिन्ह दाबण्याची सवय इतकी जुनी आहे की डोळ्याला फरकही कळत नाही. छापील कागदावर ते चालून जायचे. इथे चालत नाही, कारण ते चिन्ह पुढे फाइलच्या व्याकरणात वेगळ्याच अर्थाने वाचले जाते, आणि टाइप करून द्यायच्या उत्तरात ते राहिले तर योग्य विसर्ग दिलेला विद्यार्थी चूक ठरतो. म्हणून रूपांतरानंतर तीन शोध ठरलेले: हलन्त चिन्हाला लागून आलेली वेलांटी, ठिपक्यांचे वर्तुळ, आणि दोन मराठी अक्षरांच्या मध्ये मोकळी जागा न सोडता आलेला अपूर्णविराम.

साफ झालेला मजकूर थेट मूडलमध्ये न भरता आधी एक्सेल किंवा कॅल्कच्या तक्त्यात उतरवावा. एका ओळीत एक प्रश्न. रकाने असे: शीर्षक, प्रश्न, बरोबर उत्तर, तीन चूक पर्याय, प्रत्येक पर्यायाचा प्रतिसाद (तो निवडणाऱ्याला दिसणारा शेरा), घटक, अपेक्षित काठिण्यपातळी. शीर्षक 'दशांश-०७' असे सांकेतिक ठेवावे. शीर्षक दिले नाही तर मूडल प्रश्नाचाच मजकूर शीर्षक म्हणून घेते, आणि मग प्रश्नपेढीत 'खालीलपैकी कोणते' या नावाचे तीस प्रश्न रांगेत उभे राहतात.

तक्त्यातून मूडलला द्यायची फाइल गिफ्ट नावाच्या साध्या मजकुराच्या पद्धतीत करता येते. तिचे व्याकरण मोजक्या चिन्हांचे आहे. एक प्रश्न असा दिसतो:

::दशांश-०७:: ०.३ × ०.२ \= किती? {=०.०६#बरोबर. ~०.६#दोन्ही संख्यांतली दशांश स्थळे मिळून मोजा. ~०.५#ही बेरीज झाली, गुणाकार विचारला आहे. ~०.००६#एक शून्य जास्त पडले. एकूण दशांश स्थळे दोनच आहेत.}

दुहेरी अपूर्णविरामांच्या जोडीत शीर्षक, महिरपी कंसात उत्तरे, बरोबर उत्तराआधी बरोबरचे चिन्ह, चुकीच्या आधी नागमोडी रेघ, आणि हॅशनंतर त्या पर्यायाचा प्रतिसाद. प्रश्नातल्या बरोबर चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ आहे, तिकडे लक्ष द्या. नागमोडी रेघ, बरोबर, हॅश, महिरपी कंस आणि अपूर्णविराम ही चिन्हे व्याकरणाची असल्यामुळे मजकुरात आली तर त्यांच्याआधी ती रेघ द्यावीच लागते. गणिताच्या फाइली आत जाताना अडतात त्या बहुतेक इथेच: समीकरणातले बरोबर चिन्ह, ३:२ सारखे गुणोत्तर, संचाचे महिरपी कंस.

तक्त्यात 'आणि' चिन्हाचे (&) सूत्र लावून रकाने जोडले की प्रत्येक ओळीतून असा एक प्रश्न तयार होतो. इथे एक खोड माहीत असावी. सूत्रातच ओळ तोडण्याचे चिन्ह घातले आणि तो रकाना नोटपॅडमध्ये चिकटवला, तर एक्सेल अशा प्रत्येक खणाभोवती दुहेरी अवतरणचिन्हे घालते आणि आतली अवतरणचिन्हे दुप्पट करते. पूर्ण फाइल खराब होते. म्हणून प्रश्न एकाच ओळीत ठेवायचा, आणि नोटपॅड प्लस प्लससारख्या संपादकात नेल्यावर प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ घालायची. ती रिकामी ओळ म्हणजे सजावट नव्हे. मूडल तिच्यावरूनच एक प्रश्न संपला असे ओळखते. ती घालायची राहिली तर दोन प्रश्न एकमेकांत शिरतात.

फाइल साठवताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, यूटीएफ-८ निवडावे. जुन्या एएनएसआय पद्धतीत साठवली तर प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येते, आणि ते परत फिरवता येत नाही. मूळ अक्षर फाइलीत उरलेलेच नसते. विद्यार्थ्यांची यादी सीएसव्हीत साठवतानाही हाच धोका आहे. एक्सेलमध्ये साधे सीएसव्ही आणि यूटीएफ-८ सीएसव्ही असे दोन वेगळे प्रकार दिसतात, आणि घाईत हात पहिल्यावर जातो.

आयात करताना 'चूक आढळल्यास थांबा' हे चालूच ठेवावे. मग एका प्रश्नात चूक असली तरी एकही प्रश्न आत जात नाही. त्रासदायक वाटते, पण ते बंद केले की अर्धी फाइल आत जाते, दुरुस्त करून पुन्हा टाकली की तो अर्धा भाग दुहेरी होतो, आणि मूडल दुहेरी प्रश्न ओळखत नाही. दुहेरी प्रश्न हाताने शोधण्यापेक्षा फाइल चारदा नाकारलेली बरी. चित्रे गिफ्टमधून नेता येत नाहीत; आकृतीचे प्रश्न आयात झाल्यावर एकेक उघडून चित्र जोडावे, किंवा ते मूडलच्या एक्सएमएल पद्धतीने न्यावेत, ज्यात चित्र फाइलीच्या पोटातच जाते. प्रश्नाचा मजकूर मात्र चित्र म्हणून टाकू नये. स्कॅन केलेला प्रश्न शोधात सापडत नाही, मोबाइलवर वाचवत नाही आणि पडदावाचक वापरणाऱ्या विद्यार्थ्याला तो अस्तित्वातच नसतो.

आता पर्यायांकडे. वरच्या दशांशाच्या प्रश्नात प्रत्येक चुकीचा पर्याय एका विशिष्ट चुकीतून आलेला आहे: स्थळे न मोजणे, क्रियाच बदलणे, शून्य जास्त घालणे. त्याऐवजी ०.७, १.२ आणि ३२ असे काहीही टाकले असते तर गुण तेच मिळाले असते, पण शिकवणाऱ्याच्या हाती काही लागले नसते. चकवणारे पर्याय शोधायला सर्वांत चांगली जागा म्हणजे तपासलेल्या जुन्या उत्तरपत्रिका. ज्या चुका तिथे वारंवार लाल शाईत अडकल्या आहेत त्याच पर्याय म्हणून उचलाव्यात. चौथा पर्याय सुचत नसेल तर तीनवर थांबावे. मायकेल रॉड्रिग्ज यांनी २००५ मध्ये ८० वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन बहुपर्यायी प्रश्नाला तीन पर्याय पुरेसे असल्याचा निष्कर्ष काढला होता. भरतीचा चौथा पर्याय कोणी निवडत नाही, वाचायला मात्र सगळ्यांना लागतो.

पर्यायांचा क्रम मूडल प्रत्येकासाठी बदलू शकते, आणि ते चालू ठेवायचे असेल तर 'वरीलपैकी सर्व', 'फक्त अ आणि क' असले पर्याय हद्दपार करावे लागतात. क्रम बदलल्यावर 'वरीलपैकी सर्व' पहिल्या क्रमांकावर येऊन बसते, आणि त्याच्या वर काहीच नसते. जुन्या पत्रिकांत असे प्रश्न मुबलक असतात. ते एकाहून जास्त उत्तरांच्या प्रश्नात बदलता येतात, पण तिथे गुणांची टक्केवारी स्वतः द्यावी लागते. चारपैकी दोन बरोबर असतील तर प्रत्येकी ५० टक्के हे ओघाने आलेच. चुकीच्या दोघांना शून्य ठेवले तर चारही चौकटींत खूण करणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात. मुलांना हे दुसऱ्या चाचणीत कळते. चुकीच्या पर्यायांना उणे ५० किंवा उणे १०० टक्के द्यावेत. एकूण प्रश्नाचे गुण शून्याखाली जात नाहीत. तीन बरोबर उत्तरे असतील तर टक्केवारी ३३.३३३३३ अशी लिहावी. नुसते ३३ लिहिले तर ते मूडलच्या ठरलेल्या यादीत नसल्यामुळे आयात तिथे थांबते.

जोड्या लावण्याच्या प्रश्नात डावी-उजवी बाजू समान संख्येची ठेवू नये. पाचाला पाच असले की शेवटची जोडी फुकट मिळते. उजवीकडे एक-दोन जास्तीची उत्तरे ठेवावीत.

टाइप करून द्यायच्या उत्तरांत मराठीची खरी कसोटी लागते. मूडल अक्षरे जुळवते, अर्थ नाही. संख्यात्मक प्रकारच्या प्रश्नात देवनागरी अंकांत लिहिलेले ४२ हे मूडलला संख्या वाटतच नाही. त्याला इंग्रजी अंकच लागतात. मराठी कीबोर्डवरून उत्तर देणारा विद्यार्थी इथे बरोबर असून अडकतो. उपाय दोन. प्रश्नातच 'उत्तर इंग्रजी अंकांत लिहा' असे सांगायचे, किंवा लघुत्तराचा प्रकार घेऊन दोन्ही लिपींतली उत्तरे मान्य यादीत टाकायची. दुसरा उपाय पूर्णांकांना ठीक. दशांश उत्तराला जवळपासची किंमत मान्य करायची असेल तर संख्यात्मक प्रकाराशिवाय गत्यंतर नाही, कारण इतक्या फरकापर्यंत चालेल ही सोय फक्त तिथे आहे. बहुपर्यायी प्रश्नात ही अडचण येत नाही. तिथे अंक हा नुसता मजकूर असतो.

लघुत्तराची दुसरी गंमत अदृश्य आहे. 'दुसऱ्या', 'पाऱ्याचा' यातला पापणीसारखा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड त्यासाठी ऱ हे स्वतंत्र अक्षर देतात, तर काही साधा र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, यंत्राला मात्र वेगळे. त्यामुळे गुणपत्रकात असे दृश्य दिसते की विद्यार्थ्याचे उत्तर आणि बरोबर उत्तर शेजारी शेजारी, अक्षर न् अक्षर तेच, आणि गुण शून्य. तक्रार आली की पहिला संशय या जोडचिन्हावर घ्यावा. साधा मार्ग असा की उत्तरात असा शब्द येणारच नाही अशी प्रश्नाची रचना करावी: 'कशाचा' ऐवजी 'कोणता' विचारले की उत्तर 'पाऱ्याचा' ऐवजी 'पारा' येते. मूळ शब्दरूपातले उत्तर मागणे एरवीही सोयीचे, कारण विभक्तिप्रत्ययांची सगळी रूपे यादीत घालत बसावे लागत नाही.

जोडून आणि तोडून लिहिण्याचे काय? 'प्रकाशसंश्लेषण' आणि 'प्रकाश संश्लेषण' दोन्ही मान्य करायचे तर मध्ये तारांकित चिन्ह घालून 'प्रकाश*संश्लेषण' असे उत्तर द्यावे. तारेच्या जागी काहीही किंवा काहीच नसले तरी चालते. पण ही तारा जपून वापरायची. '*संश्लेषण' असे लिहिले तर 'रसायनसंश्लेषण' लिहिणाऱ्यालाही पूर्ण गुण मिळतात, आणि 'पारा*' लिहिले तर 'पारा नाही' हेही उत्तर बरोबर ठरते. ऱ्हस्व-दीर्घाच्या नेहमीच्या चुका मान्य करायच्या का, हा शिक्षकाने ठरवायचा प्रश्न आहे. विज्ञानात आम्ही त्या पूर्ण गुणांनी मान्य करतो, भाषेत नाही. ठरवले नाही तर यंत्र स्वतःच ठरवते, आणि ते कायम कडकच असते.

प्रश्नाची काटेकोर मांडणीही इथेच उघडी पडते. 'सामान्य तापमानाला द्रव असणारा धातू कोणता?' याचे उत्तर पुस्तकात पारा. गॅलियम मात्र २९.८ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे उन्हाळ्याच्या दिवसात तेही द्रव. उत्तरपत्रिका तपासणारा माणूस 'गॅलियम' वाचून थबकेल आणि मुलाचे कौतुक करील. यंत्र थबकत नाही. प्रश्न '० अंश सेल्सिअसला द्रव असणारा धातू कोणता?' असा केला की वाद मिटतो, कारण पारा उणे ३८.८ अंशापर्यंत द्रव राहतो.

प्रश्न आत गेले की चाचणीची मांडणी. सराव आणि परीक्षा यांच्या सेटिंगची सरमिसळ करू नये. सरावासाठी 'इंटरॅक्टिव्ह विथ मल्टिपल ट्राइज' निवडावे: चूक झाली की प्रतिसाद दिसतो, पुन्हा प्रयत्न करता येतो आणि प्रत्येक चुकीच्या प्रयत्नाला प्रश्नात ठरवलेला दंड बसतो. मुळात तो ३३.३३ टक्के असतो. किती वेळा प्रयत्न मिळेल हे प्रश्नात किती सूचना (हिंट) लिहिल्या आहेत त्यावर ठरते; एकही सूचना नसेल तर दुसरी संधीही नाही. गिफ्टमधून आलेल्या प्रश्नांत सूचना नसतात, हे विसरले की 'पुन्हा प्रयत्न का येत नाही' म्हणून सेटिंग धुंडाळत बसावे लागते. सरावाची चाचणी दोन-तीन दिवसांनी आणि मग आठवड्याने पुन्हा सोडवायला ठेवावी. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये केलेल्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने मात्र वाचल्यावर स्वतः आठवून लिहिलेले विद्यार्थी पुढे गेले. सराव चाचणीचे गुण निकालात धरले की मुले आठवण्याऐवजी उत्तरे जमवायला लागतात, म्हणून ते धरू नयेत.

परीक्षेसाठी 'डिफर्ड फीडबॅक', म्हणजे प्रतिसाद सोडवताना नाही, सादर केल्यानंतर. इथे सर्वांत महागात पडणारी जागा 'रिव्ह्यू ऑप्शन्स'ची, म्हणजे विद्यार्थ्याला काय केव्हा दिसावे हे ठरवण्याची. त्यात चार रकाने असतात: सोडवताना, सोडवल्यानंतर लगेच, नंतर पण चाचणी खुली असताना, आणि चाचणी बंद झाल्यावर. 'लगेच' म्हणजे सादर केल्यापासून दोन मिनिटे. या रकान्यात 'बरोबर उत्तर' वर खूण राहिली तर पहिला सादर करणारा विद्यार्थी उत्तरांसकट पडद्याचा फोटो काढू शकतो आणि बाकीचे अजून सोडवतच असतात. परीक्षेत बरोबर उत्तराची खूण फक्त शेवटच्या रकान्यात ठेवावी, आणि चाचणी बंद होण्याची तारीख भरलेली आहे ना ते बघावे. ती तारीख नसेल तर चाचणी बंद होतच नाही आणि उत्तरे कोणालाच कधी दिसत नाहीत.

वेळमर्यादा ठरवताना शिक्षकाने स्वतः पेपर सोडवून लागलेल्या वेळेची तिप्पट घ्यावी. वेळ संपल्यावर उत्तरे आपोआप सादर व्हावीत हे निवडलेले असले तरी ब्राउझर बंद पडलेल्या विद्यार्थ्याची उत्तरे सर्व्हरवरचे क्रॉन हे ठरावीक वेळाने आपोआप चालणारे काम सादर करते. क्रॉन दर मिनिटाला चालायला हवे. ते बंद असेल तर अशी पत्रिका 'चालू आहे' याच अवस्थेत लटकत राहते. एका पानावर पाच प्रश्न ठेवावेत. एकेक ठेवला तर २० प्रश्नांना २० वेळा पान मागावे लागते आणि सगळे एकदम बसले की सर्व्हर धापा टाकतो. सगळे एकाच पानावर ठेवले तर कमकुवत जोडणीवर बराच वेळ काहीच साठत नाही. मूडल पान न बदलताही साधारण मिनिटाने उत्तरे साठवत असते, पण जोडणी तुटलेली असेल तर ते साठवणेही तुटते. ज्यांना जास्त वेळ द्यायचा आहे त्यांच्यासाठी वेगळी चाचणी करू नका. 'ओव्हरराइड' मध्ये त्या विद्यार्थ्यापुरती वेळ वाढवता येते.

रंगीत तालीम शिक्षकाच्या खात्यातून करू नये. शिक्षकाला नियम अडवत नाहीत, फक्त इशारा दाखवून आत सोडतात. एक वेगळे विद्यार्थी खाते ठेवून ब्राउझरच्या खासगी खिडकीत आणि मोबाइलवर पूर्ण चाचणी द्यावी, मुद्दाम मध्येच जोडणी तोडून बघावी. मोबाइलवर ओळींमधले अंतर कमी असेल तर मात्रा आणि उकार वरच्या-खालच्या ओळीत घुसतात किंवा कापले जातात. थीमच्या सेटिंगमध्ये ओळीची उंची अक्षराच्या १.६ पट केली की ते सुटते. तालीम संपली की त्या खात्याचा प्रयत्न पुसून टाकावा. एकही प्रयत्न नोंदलेला असेल तोवर चाचणीत प्रश्न घालता किंवा काढता येत नाहीत, आणि परीक्षेच्या सकाळी हे समजणे बरे नव्हे.

चाचणी झाल्यावर गुण सगळेच बघतात, 'स्टॅटिस्टिक्स' अहवाल क्वचित कोणी उघडतो. अनेक प्रयत्नांना परवानगी असेल तर हिशेब पहिल्या प्रयत्नावरून मागावा, कारण पुढचे प्रयत्न उत्तर माहीत झाल्यावरचे असतात. दोन रकाने आधी वाचावेत. पहिला फॅसिलिटी इंडेक्स, म्हणजे प्रश्नाला सरासरी किती टक्के गुण मिळाले. ३५ ते ६४ ही मधली पट्टी. ९५ च्या वर गेलेला प्रश्न काही वेगळे सांगत नाही, आणि ५ किंवा त्याखालचा प्रश्न एक तर फार अवघड किंवा चुकलेला. दुसरा डिस्क्रिमिनेशन इंडेक्स: बाकीच्या पेपरात चांगले गुण मिळवणारे या प्रश्नातही पुढे आहेत का. ५० च्या वर उत्तम, ३० ते ५० ठीक, २० ते २९ कमजोर. उणे आला तर हुशार मुले चुकत आहेत आणि बाकीचे बरोबर येत आहेत. असा आकडा दिसला की आधी उत्तरसूची तपासावी. बहुतेक वेळा चुकीच्या पर्यायापुढे बरोबरचे चिन्ह पडलेले असते. सूची ठीक असेल तर प्रश्नातच गॅलियमसारखी फट असते, जी जास्त वाचलेल्यालाच दिसते.

चार पर्यायांच्या प्रश्नात नुसत्या अंदाजाने २५ टक्के मिळतात. फॅसिलिटी २५ च्या आसपास आणि डिस्क्रिमिनेशन शून्याजवळ असेल तर तो भाग वर्गाला समजलेलाच नाही, सगळ्यांनी अंदाज मारला आहे. अशा वेळी प्रश्न बदलायचा नाही, धडा पुन्हा घ्यायचा. तीस-पस्तीस जणांच्या वर्गात मात्र एक-दोन मुलांनीही हे आकडे हलतात. उणे आकडा सोडला तर एका चाचणीवरून प्रश्न बाद करू नये.

प्रश्नावर टिचकी मारली की कोणता पर्याय किती जणांनी निवडला हे दिसते. चकवणारे पर्याय नीट रचलेले असतील तर याच तक्त्यात पुढच्या तासाचे नियोजन तयार असते: ०.६ निवडणारे बरेच असतील तर दशांश स्थळे, ०.५ निवडणारे असतील तर प्रश्न नीट वाचणे. पाच टक्क्यांहून कमी जणांनी निवडलेला पर्याय दोन चाचण्यांत तसाच राहिला तर काढून टाकतो.

उत्तरसूची दुरुस्त करायची वेळ आली तर प्रश्न सुधारून 'रीग्रेड', म्हणजे गुण पुन्हा मोजणे, चालवावे, पण आधी त्याची कोरडी फेरी. तिच्यात कोणाचे गुण कितीने बदलतील ते दिसते आणि काहीही साठवले जात नाही. मूडल ४.० पासून (एप्रिल २०२२) प्रश्नांना आवृत्त्या असतात. चाचणीत जुनी आवृत्ती पक्की केलेली असेल तर प्रश्नपेढीतली दुरुस्ती तिथे पोहोचत नाही. चाचणीच्या प्रश्नयादीत प्रत्येक प्रश्नापुढे आवृत्ती दिसते, ती बघून घ्यावी.

आणि हीच दुरुस्ती त्याच दिवशी मूळ तक्त्यातही करावी. पुढच्या वर्षी नवा कोर्स उघडताना फाइल त्या तक्त्यातूनच पुन्हा बनते, आणि मूडलमध्ये सुधारलेली चूक तिथून ताजी होऊन परत येते. आमच्या तक्त्यात शेवटी चार रकाने वाढवलेले आहेत: दुरुस्तीची तारीख, काय बदलले, आणि मागच्या चाचणीतले दोन निर्देशांक.